आजी कशासाठी असते?

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आखाडा बाळापूरच्या (जि. हिंगोली) परिसरालाही हे नवे नाही. मुकादमाकडून उचल घेणारा 'कोयता' म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. शाळेत जाणारी मुले पुष्कळदा आजीजवळ राहतात. हजेरीपटावर नाव बापाचे, पण हंगाम संपेपर्यंत पोराचे सारे पाहते ती आजी. सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषींचे 'मदर्स अँड अदर्स' (२००९) हे पुस्तक वाचताना आम्हांला हीच आजी आठवत राहिली.

पुस्तकाचा मुद्दा सरळ आहे. चिंपांझीची मादी सुरुवातीचे काही महिने पिल्लू सहसा कोणाच्या हाती देत नाही. तिच्या दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचे अंतर असते. माणसाचे मूल त्याहून अधिक काळ परावलंबी राहते. तरीही शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत पाठचे भावंड तीन-चार वर्षांत येते. एकट्या आईला हे झेपणारे नाही. आजी, मावशी, थोरली बहीण, बाप यांनी हातभार लावला म्हणूनच माणूस टिकला, असे लेखिका म्हणतात. टांझानियातील हाडझा लोकांत क्रिस्टन हॉक्स व सहकाऱ्यांना वयस्क स्त्रिया टणक जमिनीतून कंद खणून नातवंडांना भरवताना दिसल्या. रजोनिवृत्तीनंतरही स्त्री दीर्घकाळ का जगते, याचे उत्तर त्यांनी येथे शोधले.

मांडणी आम्हांला पटते; पण दोन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिली गोष्ट, सगळ्या आज्या सारख्या नव्हेत. रिबेका सीअर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये अनेक समाजांतील अभ्यास एकत्र तपासले. आईची आई हयात असण्याचा नातवंडांना बहुतेक ठिकाणी लाभ दिसला. बापाच्या आईबाबत चित्र तितके एकसारखे नव्हते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, मूल वाढते मात्र सासरी. तेव्हा परदेशातील निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय ज्या घरात आजी धडधाकट आहे, ते घर मुळातच बऱ्या स्थितीत असू शकते. मग श्रेय आजीचे की परिस्थितीचे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हाडझा आजी आईच्या जोडीला असते. आपल्या गावातली आजी सहा-सहा महिने आईच्या जागी असते, आणि पुष्कळदा स्वतःही मजुरीला जाते. 'निसर्गानेच तिला त्यासाठी नेमले' असे कोणी म्हणू लागले, तर तो उत्क्रांतिवादाचा गैरवापर ठरेल. एखादी गोष्ट कशी घडली हे विज्ञान सांगते; ती तशीच चालू राहावी असे सांगत नाही. पुस्तकाच्या नावातले 'इतर' केवळ नातेवाईक नव्हेत. हंगामी वसतिगृह, शाळेतले दुपारचे जेवण आणि आपण शिक्षकही त्यांतच येतो.

म्हणून हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. आणि पुढच्या पालकसभेचे निमंत्रण आजीच्या नावानेही धाडावे.