बंबाची जाळी

बंब म्हटला की आपले डोळे आधी तांब्याकडे जातात. चिंच-मिठाने उजळलेले ते गोल पोट, मधून वर निघालेले धुराडे, बाजूची पितळी तोटी. न्हाणीघरातला बंब ज्यांनी हौसेने दिवाणखान्यात आणून मांडला, त्यांनीही घासूनपुसून लखलखीत केले ते एवढेच. पण रोज पहाटे जिच्यावर विस्तव बसला, जिच्या फटींतून राख खाली गेली आणि हवा वर आली, ती धुराड्याच्या तळाची बिडाची जाळी मात्र बहुधा माळ्यावर, राखेने खरपुडलेली, गंजाने लाल झालेली अशी पडून असते. ती खाली काढून, मांडीवर जुने पोते घेऊन सावकाश साफ करणे हा बंबाच्या साऱ्या जीर्णोद्धारातला सर्वांत रसाळ भाग आहे, असे मी मनापासून म्हणेन.

सुरुवातीला पाण्याचा स्पर्शही नको. राख ओल धरून ठेवते, आणि भिजली की फटींत तिचा लगदा घट्ट बसतो. म्हणून पहिला हात कोरड्या, ताठ ब्रशाचा. पट्ट्या मोकळ्या होऊ लागल्या की आपण जाळी आडवी धरावी आणि उजेडाकडे करून एकाच पट्टीची कड न्याहाळावी. पट्टी वरून रुंद, खाली निमुळती उतरलेली दिसते. निखारे बसतात त्या अंगाला फट अरुंद आणि राख पडते त्या अंगाला मोकळी, त्यामुळे वरच्या तोंडातून जो कण आत शिरला तो पुढे कुठे अडकून राहत नाही. आणि हा उतार केवळ राखेसाठी नाही! बीड ओतताना लाकडी नमुना ओलसर वाळूत दाबून साचा करतात, आणि साच्याची कड न ढासळता नमुना अलगद वर निघावा म्हणून त्याच्या बाजू किंचित तिरप्या ठेवाव्याच लागतात. ओताऱ्याच्या हाताची सोय तीच विस्तवाच्या श्वासाचीही सोय ठरावी, एका तिरक्या रेषेने दोन्ही कामे निभावून न्यावीत, असे हे कौशल्य पाहिले की त्या अनामिक नमुनाकाराला मनोमन दाद द्यावीशी वाटते.

मग जाळी सुतळीला टांगून ब्रशाच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावी. निर्दोष जाळीतून आखूड पण स्वच्छ नाद येतो. कुठे तडा असेल तर ती बद्द वाजते. गार बीड वाकत नाही, तुटते. त्यात ३ टक्क्यांच्या आसपास किंवा थोडा अधिक कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्राफाईटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. या कार्बनमुळेच शुद्ध लोखंडाला वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, तिथे बीड १२०० अंशांच्या अलीकडेच पातळ होऊन साच्याच्या अरुंद वाटांतून धावते, आणि ठिसूळपणाही त्या पापुद्र्यांचाच. तापलेल्या जाळीवर गार पाणी ओतू नये, हा जुन्या घरांतला दंडक त्यातूनच आला. शिवाय बीड वारंवार लालबुंद तापले की कायमचे किंचित फुगते. जुनी जाळी आपल्या कडीवर सैल बसते ती कारागिराच्या हयगयीने नव्हे. त्या फुगण्यासाठी राखलेली ती जागा आहे, आणि साफ केल्यावर जाळी पत्रा ठोकून घट्ट करू नये.

काजळी उतरायला धुण्याचा सोडा आणि कढत पाणी पुरे होते. गंजासाठी व्हिनेगर आणि पाणी समभाग घ्यावे, पण जाळी त्यात रात्रभर विसरू नये, अधूनमधून काढून घासावी. आम्ल गंज संपवून लोखंडाकडे वळते आणि मागे ग्राफाईटचा मऊ काळा थर उरतो. ग्राइंडर मात्र नकोच. कारण या टप्प्यावर, तारेच्या ब्रशाखाली, गंज गेलेल्या जागी एक बारीक रवाळ पोत उमटू लागतो. साच्यातल्या वाळूच्या कणांचा तो ठसा असतो. धातू ओतला त्या घटकेचा हा स्पर्श इतक्या विस्तवांतून टिकून राहिलेला असतो, आणि ग्राइंडरचे चाक तो क्षणात पुसून टाकते. जाळी गुळगुळीत करणे म्हणजे तिला उजळवणे नव्हे. माझ्या लेखी ती नासाडीच.

धुतलेले बीड ताबडतोब धगीवर कोरडे करावे लागते, नाहीतर बघता बघता त्यावर नारिंगी झाक चढते. पण बंब आता फक्त शोभेला ठेवायचा असेल, तर ही झाकही उपयोगाची आहे, कारण पुढचा टप्पा हिरड्याचा. आपल्या सह्याद्रीत, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा हा हिरडा टॅनिनने भरलेला असतो. त्याचा दाट काढा करून तो कुंचल्याने जाळीवर फिरवावा आणि पाहत राहावे. नारिंगी कडा आधी करड्या होतात, मग जांभळट, आणि वाळता वाळता निळसर काळ्या. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी शाई करीत, तिच्या काळेपणामागचे रसायन हेच. लोह आणि टॅनिन भेटले की काळे होते, मग ती भेट कागदावर होवो की बंबाच्या तळाशी. वरून मेणाचा पातळ हात दिला की त्या काळ्यात एक शांत, खोल तकाकी येते. शेजारच्या तांब्याची लाली या काळ्यामुळेच खुलते.

बंब खरोखर पेटवणार असाल तर मात्र हिरडा आणि मेण दोन्ही व्यर्थ, पहिल्याच निखाऱ्यांत जातील. तेलाचा थरही तिथे टिकत नाही. तिथे ग्राफाईटची पूड फडक्याने चोळावी. गॅसच्या शेगडीवरच्या बिडाच्या जुन्या जाळीला जवसाचे तेल अगदी पातळ लावून तापवले तर चांगले वठते, कारण तिथली धग निखाऱ्यांइतकी अंगाशी नसते.

आणि मधल्या पट्ट्या कडेच्या पट्ट्यांपेक्षा झिजलेल्या, थोड्या खाली झुकलेल्या दिसतील. विस्तव नेहमी मध्यावर रचला जाई, त्याची ती खूण; ती भरून काढू नये, घासून सारखी करू नये.

मोडीत गेलेल्या बंबाच्या तांब्याला वजनावर भाव येतो, जाळी बहुतेक वेळा फुकटात जाते. म्हणून जुना बंब घेताना तिची आठवणीने चौकशी करा, आणि आपल्या घरचा द्यायची वेळ आली, तर ती त्याच्यासोबतच द्या.