गुसेन : मरणाचे स्मारक, श्रमाचे काय?

स्मारकावर लिहिताना आपण बहुधा त्याच्या आकाराबद्दल लिहितो. त्याने काय आत घेतले आणि काय बाहेर ठेवले, याची चर्चा कमी होते. ऑस्ट्रियातील गुसेनचे स्मारक मला या प्रश्नासाठी महत्त्वाचे वाटते.

गुसेन ही माउटहाउझेन छळछावणीची उपछावणी. ती १९४० साली उभी राहिली ती ग्रॅनाइटच्या खाणींसाठी. एसएसची स्वतःची कंपनी कैद्यांकडून दगड काढून घेई. आधी पोलिश, मग स्पॅनिश प्रजासत्ताकवादी, सोव्हिएत युद्धकैदी, इटालियन, फ्रेंच, ज्यू असे कैदी येत गेले. १९४४पासून शेजारच्या सांक्ट गेओर्गेन गावाखाली भुयारे खोदून तिथे मेसरश्मिट २६२ या जेट विमानाचे भाग बनवले जाऊ लागले. एकूण किमान ७१ हजार माणसे इथे आणली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक जगली नाहीत. नाव उपछावणीचे, पण काही काळ इथली कैद्यांची संख्या मुख्य छावणीपेक्षाही जास्त होती.

युद्धानंतर या जमिनीचे भूखंड पडले, घरे झाली, बागा फुलल्या. उरली ती शवदाहाची भट्टी. वाचलेल्या कैद्यांच्या संघटनांनी तेवढी जमीन विकत घेतली आणि १९६५ साली तिथे स्मारक झाले. ते रचणाऱ्या मिलानच्या वास्तुसंस्थेतील लोडोविको बेल्जोयोझो स्वतः गुसेनचा कैदी होता. त्याचा भागीदार जान लुइजी बान्फी याच छावणीत मेला. उंच काँक्रीटच्या भिंतींमधली अरुंद वाट वळत वळत भट्टीपाशी नेते. कोंडले जाणे म्हणजे काय, हे पुतळ्यावाचून आणि शब्दावाचून कळावे, ही त्या रचनेची ताकद आहे.

पण स्मारकाचे केंद्र भट्टी झाली, आणि खडी फोडणारा अवाढव्य क्रशर, हजेरीचे मैदान, भुयारांची तोंडे भिंतीबाहेर राहिली. हा दोष बेल्जोयोझोचा नाही. हाती जमीनच तेवढी होती. परिणाम मात्र गंभीर झाला. इथे माणसे मेली हे दिसते. ती कोणासाठी राबली हे दिसत नाही.

आपल्या भाषेतही हेच होते. अशा कैद्यांना आपण सहज ‘बळी’ म्हणतो. बळी म्हटले की शोक होतो, हात जोडले जातात, आणि विषय मिटतो. ‘वेठबिगार’ म्हटले की हिशेब सुरू होतो: दगड कुठे गेला, विमान कोणाचे, नफा कोणाचा, मजुरी कुठे आहे? मृत्यूच्या स्मारकापुढे मान खाली घालता येते. श्रमाच्या स्मारकापुढे ही उत्तरे द्यावी लागतात, म्हणून ते उभारणे अवघड जाते.

२००७ साली क्रिस्टोफ मायर या कलावंताने कानात ध्वनी ऐकत वस्तीतून चालण्याची वाट आखली. घरांच्या रांगांमधून जाताना वाचलेल्यांचे आणि स्थानिकांचे आवाज ऐकू येतात. भिंतीने जे बाहेर ठेवले होते, ते तिने प्रथमच आत घेतले. पुढे २०२२मध्ये ऑस्ट्रियन सरकारने क्रशरची आणि हजेरीच्या मैदानाची जमीन विकत घेतली.

आता तिथे नवे स्मारकस्थळ घडवायचे आहे. क्रशरला निव्वळ भव्य अवशेष म्हणून दिवे लावून उभे केले, तर जुनीच चूक मोठ्या खर्चाने पुन्हा होईल. त्यात कोणी दगड घातला आणि खडी कोणी विकली, हे तिथेच, त्याच्या पायथ्याशी वाचायला मिळाले पाहिजे.