भक्तिनाट्यातील आशापद व श्रोते
गोंदिया जिल्हा (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग) झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रदेशात मोडतो. दंडारीचा वारसा लाभलेल्या या रंगभूमीवर दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत, रात्रभर नाट्यप्रयोग चालतात व आवडलेल्या पदाला ‘वन्समोअर’ मिळतो. संकटातील पात्र आशेने देवाला आळवते, तेव्हा अशा पुनरावृत्तीने कथानक खंडित होते, हा आक्षेप नाट्यदृष्ट्या रास्त आहे. तथापि भजन-कीर्तनात मुरलेल्या श्रोत्याला आवर्तन हा व्यत्यय वाटत नाही; पद दुसऱ्यांदा ऐकताना पात्राची याचना त्याची स्वतःची होते. गंधर्व नाटक मंडळीच्या संत कान्होपात्रा (१९३१) या नाटकात संतांचे अभंगच नाट्यपदे झाल्याने हे दुहेरी श्रवण विशेष स्पष्ट होते. नायिकेची आशा विठ्ठलचरणी प्राण ठेवण्यात फळास येते. नाटक म्हणून हा शोकान्त, तर भजन म्हणून ती देवाची कृपा. गायकनटाने तानांचा विस्तार केल्यास दाद गळ्याला मिळते व याचना मागे पडते. शब्द जपल्यास ती आशेला मिळते. वन्समोअरचे औचित्य त्यामुळे श्रोत्यांच्या उत्साहापेक्षा गायकाच्या संयमावर अधिक अवलंबून असते.