'द सेकंड शिफ्ट' : घरकामाची वाटणी आणि कौटुंबिक मिथक

नोकरी करणाऱ्या दांपत्यांमधील घरकामाच्या वाटणीची चर्चा निघाली की आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषींच्या 'द सेकंड शिफ्ट' (१९८९) या ग्रंथाचा उल्लेख बहुधा होतोच; मात्र तो 'दुहेरी ओझे' या शब्दप्रयोगापुरता. वस्तुतः हे ओझे समान वाटले गेले आहे असे दांपत्य स्वतःला कसे पटवून देते, याचा उलगडा हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय.

ग्रंथातील नॅन्सी व इव्हान होल्ट (नावे बदललेली) यांचे प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. दोघेही नोकरदार, पदरी एक लहान मुलगा. समान वाटणीवरून दीर्घकाळ चाललेल्या कुरबुरींनंतर 'वरचा मजला तिचा, खालचा त्याचा' असा तह होतो. वरच्या मजल्यात स्वयंपाकघर, दिवाणखाना, झोपण्याच्या खोल्या असे जवळजवळ सगळे घरच येते. खाली उरते ते गॅरेज. शिवाय कुत्र्याची देखभाल इव्हानकडे! पुढे नॅन्सी नोकरीचे तासही कमी करून घेते, तरी वाटणी न्याय्य झाल्याचे दोघे मानतात. यालाच हॉक्सचाइल्ड 'कौटुंबिक मिथक' म्हणतात. विवाह टिकावा म्हणून दिलेली ही किंमत कोणी चुकती केली, हे त्या आरोप न करता पण निःसंदिग्धपणे दाखवतात. त्यांच्या अभ्यासात पत्नीपेक्षा कमी मिळवणाऱ्या एकाही पतीने घरकामाचा समान वाटा उचललेला आढळला नाही. मिळकतीच्या प्रमाणात घरकाम ठरते, हा अर्थशास्त्रीय तर्क येथे लंगडा पडतो.

भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळ-वापराची प्रायोगिक पाहणी झाली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांवरील, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दैनिक सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांची ९७ मिनिटे होती. २०२४ मध्ये ती अनुक्रमे २८९ व ८८ झाली. मिनिटे दोघांचीही घटली, अंतर मात्र २०२ वरून २०१ वर आले. घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

अशी पाहणी मिनिटे मोजते. मिथक तिच्या तक्त्यात बसत नाही. आपल्याकडे ते 'मदत' या एका शब्दात सामावले आहे. 'हे घरात मदत करतात' असे पत्नी कौतुकाने सांगते, तेव्हा काम मुळात तिचेच हे आधीच मान्य झालेले असते.

ग्रंथाची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. विवेचनाच्या केंद्रस्थानी पतिपत्नीच राहतात. मराठी मध्यमवर्गीय घरात घरकामावरून होणारा वाद पुष्कळदा मिटतो तो पतीच्या बदलाने नव्हे, मोलकरणीच्या येण्याने. तिला बोलावणे, तिच्या खाड्यांचा हिशेब ठेवणे, ती न आल्यास भांडी घासणे हे पुन्हा पत्नीकडेच असते. आणि चार घरची कामे आटोपून परतणाऱ्या त्या बाईची दुसरी पाळी तिच्या स्वतःच्या चुलीपाशी सुरू होते.