छायेचे प्रयोजन : कारावाज्जोच्या एका चित्राविषयी

बरोक धर्मचित्रांतील प्रकाश म्हणजे ईश्वरी कृपा आणि छाया म्हणजे पाप, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की चित्र पाहण्यापूर्वीच त्याचा अर्थ ठरून जातो. प्रतीकाचा असा ठरीव संकेत होणे साहित्यसमीक्षेलाही अपरिचित नाही. कारावाज्जोचे ‘संत मॅथ्यूला पाचारण’ (१५९९-१६००) हे चित्र मात्र या समीकरणात बसत नाही.

रोममधील सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चच्या कोन्तारेल्ली चॅपेलमध्ये, डाव्या भिंतीवर हे चित्र आहे. जकातदार मॅथ्यू, म्हणजे मराठी बायबलमधील मत्तय, आणि त्याचे सोबती असे पाच जण टेबलाभोवती आहेत; उजवीकडे येशू आणि पीटर उभे आहेत. चित्रात खिडकी आहे, पण तिच्या मळकट तावदानांतून उजेड येत नाही. तो येतो चौकटीबाहेरून, उजवीकडून; म्हणजेच चॅपेलमधील वेदीवरच्या खऱ्या खिडकीच्या दिशेने.

हा प्रकाश पाचही जणांवर पडतो. तरी डावीकडचे दोघे नाण्यांवरची नजर काढत नाहीत. उलट, येशूचा चेहरा आणि पुढे केलेला हात एवढेच उजळले आहेत. उरलेला देह पीटरच्या आड, काळोखात आहे. छाया म्हणजे पाप असेल, तर तारणहारच पापात उभा आहे असे म्हणावे लागेल. तेव्हा येथील प्रकाश हा निवाडा नसून हाक आहे, आणि छाया हा त्या हाकेला द्यावयाच्या उत्तराचा अवकाश आहे.

ही केवळ आधुनिक वाचकाची कल्पना नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली असे प्रतिपादन केले की, कृपेचा आरंभ ईश्वराकडून होतो. परंतु तिला संमती देण्याची वा तिचा अव्हेर करण्याची शक्ती मनुष्याच्या ठायी असते. प्रकाश सर्वांवर पडावा आणि मान काहींनीच वर करावी, ही चित्राची रचना या सिद्धान्ताशी जुळते.

मॅथ्यू नेमका कोण, बोट दाखविणारा दाढीवाला की मान खाली घातलेला तरुण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दाढीवाला स्वतःकडे बोट दाखवितो की शेजारच्याकडे, हे चित्र निःसंदिग्धपणे सांगत नाही. ही संदिग्धता दोष मानण्याचे कारण नाही. हाक ऐकू आली आहे, उत्तर अजून दिलेले नाही. त्या क्षणी निवडलेला कोण, हे ठरलेले असणे शक्यच नसते. समीकरण हाती घेऊन येणाऱ्या प्रेक्षकाला नेमका हाच क्षण दिसत नाही.