सुधीर पटवर्धन यांची चित्रकला : अंतराचा प्रश्न

‘श्रमिकांचा चित्रकार’ या बिरुदाने सुधीर पटवर्धन यांची ओळख करून देण्याचा प्रघात पडला आहे. हे बिरुद खोटे नाही. परंतु अपुरे आहे. त्यातून चित्राचा विषय कळतो, पाहणाऱ्याची जागा कळत नाही. बारामती-इंदापूरकडील विद्यार्थ्यास ही चित्रे बहुधा छापील प्रतिकृतींतूनच भेटतात. त्यामुळे हा अपुरेपणा त्याच्या ध्यानी येणे अधिकच कठीण. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील अंतर हाच पटवर्धनांच्या कलेचा मूळ प्रश्न होय, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

पटवर्धन यांचा जन्म 1949 साली पुण्यात झाला. 1972 मध्ये तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि 1975 ते 2005 या काळात त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) व ‘ट्रेन’ (1980) या प्रारंभीच्या चित्रांत मनुष्याकृती भरीव असून प्रेक्षकाच्या अगदी निकट येते. तीत करुणेचे आवाहन नाही. शरीराचे वजन आहे. तथापि एक शंका उरतेच : सुशिक्षित मध्यमवर्गीयाने कष्टकऱ्याच्या वतीने बोलावे काय? 1981 च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी प्रभृतींसह पटवर्धन सहभागी झाले, तेव्हा माणसाला चित्रात पुन्हा स्थान देण्याचा प्रश्न ऐरणीवर आला होता.

पुढे आकृती लहान होत गेली आणि नगर विस्तारले. ‘लोअर परळ’ (2001) हे याचे ठळक उदाहरण. यास माणसापासून दुरावणे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. अकराव्या शतकातील चिनी चित्रकार ग्वो शी याने निसर्गचित्रातील तीन प्रकारच्या अंतरांचा विचार मांडला. बाराव्या शतकातील जांग झदुआन याच्या नगरजीवनाच्या प्रदीर्घ पटात प्रेक्षकास उभे राहण्याची एकच जागा नाही. तेथील माणसे चिमुकली, पण प्रत्येक जण आपल्या कामात गुंतलेला. पटवर्धनांच्या नगरचित्रांतही दृष्टी अशीच फिरते. भेद इतकाच की, चिनी पटात नगर माणसांना एकत्र गुंफते. 1982 च्या गिरणी-संपानंतरच्या परळात ती गुंफण उसवलेली आहे. आकृती लहान करणे ही येथे अनास्था नव्हे. आपण कोठून पाहतो याची ती प्रांजळ कबुली होय.

‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (2014) या अनेक फलकी चित्रात मात्र नगराचा इतिहास सांगण्याची ओढ प्रबळ झाल्याने व्यक्ती क्वचित प्रातिनिधिक बनते, हेही नमूद केले पाहिजे.

प्रतिकृतीत ‘लोअर परळ’ तळहाताएवढे होते, आणि जे अंतर चित्रकाराने मोजून ठेवले तेच नाहीसे होते. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावाचून त्यावर प्रबंध लिहू नये, हे म्हणूनच केवळ शिस्तीचे कलम नव्हे. दर हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या खोपी आपल्या गावाबाहेर पडतात. आपण त्या रस्त्यावरून पाहतो. आपली ती जागा कोणती, असे स्वतःस विचारणाऱ्यासच पटवर्धनांचे चित्र खऱ्या अर्थाने उलगडेल.