चितेवरची तारा आणि चांद्याची हिराई

कर्नल मेडोज टेलरची ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी १८६३ साली तीन खंडांत निघाली. अफझलखानाच्या स्वारीची ही कथा. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची बालविधवा मुलगी, भवानीला वाहिलेली. मोरो तिरमल तिच्यावर टपलेला, त्याच्यावर जीव जडलेली गंगा मत्सराने पेटलेली, आणि अखेर तारेसाठी रचलेली चिता. अफझलखानाचा मुलगा फाजल तिला त्या चितेवरून वाचवतो आणि तिच्याशी लग्न करतो.

टेलर ऐकीव माहितीवर लिहिणारा नव्हता. नळदुर्गचा मुलकी कारभार त्याने स्वतः पाहिला होता. म्हणूनच त्याचे तुळजापूर खरे वाटते. पण त्याला साचाही हवा होता. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शतकांची माळ ओवण्यासाठी त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि १६५९ मधला अफझलखानाचा वध दोन वर्षे मागे ओढला. तारखेपेक्षा मला त्याचा दुसरा साचा अधिक खटकतो. त्याच्या कथेत विधवेपुढे वाटा दोनच: जळणे, नाहीतर कोणीतरी येऊन वाचवणे.

चंद्रपुरात बसून ‘तारा’ वाचताना हिराई आठवल्याशिवाय राहत नाही. मेजर लूसी स्मिथने १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात गोंड राजांच्या परंपरागत कथा नोंदवल्या. त्यांतली बीरशहाची कथा टेलरच्या तोडीची काळोखी आहे. देवगडचा जावई दुर्गपाल मुलीचा अपमान करतो. बीरशहा त्याचे मस्तक महाकालीला वाहण्याचा नवस बोलतो आणि फेडतो. देवळावरचे दगडी मस्तक त्याचेच, असे परंपरा सांगते. पुढे बीरशहा दुसऱ्या लग्नाला उभा राहतो आणि त्याच सोहळ्यात हिरामण नावाचा त्याचा रजपूत अंगरक्षक त्याला ठार करतो.

सूड, नवस, लग्नमंडपातला खून: व्हिक्टोरियन कादंबरीकाराला आणखी काय हवे? पण त्याची कथा जिथे संपली असती, तिथे हिराईची सुरू होते. ती सती जात नाही, तिला वाचवायलाही कोणी येत नाही. ती रामशहाला दत्तक घेते, त्याच्या नावाने राज्य चालवते, महाकालीचे देऊळ बांधते, अचलेश्वराजवळ नवऱ्याची समाधी उभारते.

हा साचा इंग्रजांपुरताच राहिला असता तर मी एवढे लिहिले नसते. हरिभाऊ आपट्यांनी टेलरच्याच टिपूवरील कादंबरीवरून ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या घडणीत हे वळणही आहे. त्याची सवय आपल्या कौतुकातही उतरली आहे. हिराईचे नाव निघाले की आपण समाधीपाशी थांबतो, तिला उलटा ताजमहाल म्हणतो आणि प्रेमकथा सांगून मोकळे होतो. जिच्यावर सवत आणली जात होती, तिने त्याच नवऱ्याची एवढी भव्य समाधी का बांधली? दत्तकाच्या गादीला पूर्वजाचा ठसठशीत पुरावा लागतो, हे उत्तर मला प्रेमाइतकेच सयुक्तिक वाटते. त्याने तिचे प्रेम खोटे ठरत नाही. तिची बुद्धी मात्र दिसू लागते.

‘तारा’ जरूर वाचावी. तीत तुळजापूर आहे, आणि चितेपाशी श्वास रोखून धरायला लावणारी लेखणीही आहे. पण चैत्रात मराठवाड्यातून चंद्रपूरला महाकालीच्या जत्रेला लोटणारी माणसे जिच्या देवळाच्या पायऱ्या चढतात, त्या राणीची कादंबरी लिहायची तर तो साचा मोडावा लागेल. तिची सुरुवात खुनाच्या दुसऱ्या दिवशी, कारभाराच्या पहिल्या हुकुमाने करावी लागेल.